मोटर ट्रॉली, पुश ट्रॉली आणि रुळांवरच्या माणसांच्या आठवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकलच्या दारातून दिसते ती मोटर ट्रॉली का?

बहुतेक वेळा नाही. चार चाकांवर बाकडे, त्यावर छत्री, लाल झेंडी, पुढे बसलेले रूळ तपासणारे साहेब आणि मागून ढकलणारे दोघे, ही झाली पुश ट्रॉली. मोटर ट्रॉलीला छोटे पेट्रोल इंजिन असते, ती ढकलावी लागत नाही आणि लांबचा सेक्शन, म्हणजे रुळांचा पट्टा, एका फेरीत पाहायला उपयोगी पडते. लाईनच्या बाजूला उभे असलेले अगडबंब पिवळे यंत्र खडी ठासणारे टॅम्पिंग मशीन असते. ओव्हरहेड वायरचे काम करणारी, छतावर फलाट असलेली गाडी म्हणजे टॉवर वॅगन. ही दोन्ही यंत्रे गाडीसारखीच सिग्नल पाळून चालतात. ट्रॉलीचा हिशोब पूर्ण वेगळा आहे, कारण ती उचलून बाजूला ठेवता येते. ट्रॉलीचे जवळपास सगळे नियम या एका गोष्टीभोवती फिरतात.

ट्रॉली आणि लॉरी यांत फरक काय?

रेल्वेच्या सामान्य नियमांतली व्याख्या सरळ आहे. चार माणसांना अख्खी उचलून रुळाबाहेर ठेवता आली तर ती ट्रॉली, त्याहून जड असली तर लॉरी. ट्रॉलीवर माल लादला की नियमाच्या नजरेत तिचीही लॉरी होते आणि लॉरीचे सगळे संरक्षण तिला लागू होते. कागदावर हे किचकट वाटते, रुळावर लगेच पटते. रुळांखाली आडव्या असणाऱ्या एका काँक्रीट स्लीपरचे वजनच अडीचशे किलोंच्या वर असते. ६० किलो जातीच्या (मीटरला ६० किलो) रुळाचा १३ मीटरचा तुकडा ७८० किलोंचा भरतो. असा माल वर असताना समोर गाडी दिसली, तर चौघांनी काय उचलायचे? म्हणून ‘एवढा एकच स्लीपर आहे, ने ट्रॉलीवरून’ ही सवलत कुणी मागूही नये आणि देऊही नये.

ट्रॉली रुळावर आली की सिग्नल आपोआप लाल होतो ना?

होत नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

ट्रॅक सर्किट असलेल्या भागात दोन्ही रुळांतून बारीक विद्युतप्रवाह सोडलेला असतो आणि तो टोकाच्या रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचला, उचलून धरतो. गाडी आली की तिची चाके आणि त्यांना जोडणारा आस यांतून प्रवाह एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातो, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. ट्रॉलीची चाके उघड्या लोखंडी आसावर बसवली असती तर तिनेही हेच केले असते. मग प्रत्येक फेरीला सिग्नल पडले असते आणि मुंबईची लोकलसेवा तासाभरात कोलमडली असती. ते टाळण्यासाठी ट्रॉलीचे चाक आसापासून विद्युतरोधक बुशने (मधल्या अस्तराने) वेगळे केलेले असते. मोटर ट्रॉलीलाही हाच नियम आहे. एक्सल काउंटर, म्हणजे आस मोजणारे यंत्र, असलेल्या सेक्शनमध्ये अडचण उलटी असते. ट्रॉलीचे चाक मोजले गेले आणि ट्रॉली मधेच उचलली, तर आत गेलेले आणि बाहेर आलेले आस जुळत नाहीत आणि गाडी नसतानाही सेक्शन व्यापलेला दिसत राहतो. म्हणून तिथे यंत्राने ट्रॉली मोजू नये अशीच व्यवस्था करतात.

थोडक्यात, स्टेशनमास्तरच्या पॅनेलवर ट्रॉली दिसत नाही. मागून येणाऱ्या मोटरमनला हिरवा सिग्नल मिळू शकतो. ट्रॉलीचे रक्षण माणसे करतात, तारा करत नाहीत.

बुश झिजतो, फुटतो, त्यात ओली माती आणि ग्रीस भरते. ट्रॉली गेली की पाठोपाठ एखादा सिग्नल फेल झाल्याची तक्रार येऊ लागली, तर आधी बुश तपासावा. दोन्ही बाजूंची चाके मीटरने तपासून मधला रोध पाहायचा. ट्रॉली भिजलेली असताना एकदा आणि वाळल्यावर एकदा, असे दोनदा मोजलेले बरे. कोरडी असताना पास होणारी ट्रॉली जुलैत नापास होते. गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, मोजायची लोखंडी पट्टीही अशीच दगा देते. गेज-लेव्हल इन्सुलेटेड नसेल, तर ती रुळांवर आडवी ठेवताच सिग्नल लाल होतो.

मग ट्रॉलीवरच्या माणसांचे रक्षण कसे होते?

मोटर ट्रॉली सर्वसाधारणपणे ब्लॉक घेऊन, म्हणजे गाडीला मिळते तशी परवानगी घेऊन चालते. स्टेशनमास्तर परमिट देतो, पुढच्या स्टेशनला कळवतो आणि ट्रॉली पोहोचल्याची खबर येईपर्यंत ती लाईन दुसऱ्या गाडीला देत नाही. ट्रॉली मधल्या एखाद्या ठिकाणी उतरवून ठेवली, तर तेही लेखी कळवावे लागते. ‘पोहोचलो’ असा निरोप पाठवून ट्रॉली अजून स्टेशनाबाहेरच्या आऊटर सिग्नललाच असणे, यासारखी घातक चूक नाही.

पुश ट्रॉली दिवसा, स्वच्छ नजर असताना, गाड्यांची माहिती घेऊन प्रभारीच्या जबाबदारीवर चालते. दुहेरी लाईनवर शक्यतो गाडीच्या तोंडाला सामोरी न्यावी, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. वळणामुळे किंवा कटिंगमुळे (डोंगर कापून केलेल्या वाटेमुळे) पुढचे दिसत नसेल, तर झेंडी घेऊन माणूस पुढे पाठवतात. रात्री, धुक्यात किंवा मुसळधार पावसात ब्लॉकशिवाय जायचे नाही.

ट्रॉली किंवा लॉरी अडकून पडली आणि हलवता येईना, तर ब्रॉडगेजवर फटाके, म्हणजे चाकाखाली फुटून चालकाला सावध करणाऱ्या डब्या, लावायचे ठरलेले माप आहे. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक, मग १,२०० मीटरवर साधारण १० मीटरच्या अंतराने तीन. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी १,२०० मीटर अंतर ४३ सेकंदांत कापते, ६०० मीटर तर २२ सेकंदांत. फटाके घेऊन पळणाऱ्याने आधी ट्रॉली ढकलून पाहू, मग पळू, असे करून चालत नाही. फटाका रुळाच्या माथ्यावर, लेबल वर ठेवून, पट्ट्या घट्ट वळवून बसवतात. फुटताना पत्र्याचे तुकडे उडतात, त्यामुळे माणसाने किमान ४५ मीटर लांब राहायचे.

बरोबर काय काय हवे?

हातदिव्यांची जोडी, दोन लाल आणि दोन हिरव्या झेंड्या, पुरेसे फटाके, घड्याळ, चालू वेळापत्रक त्याच्या दुरुस्ती-चिठ्ठ्यांसह, साखळी आणि कुलूप. मोटर ट्रॉलीला यांखेरीज भोंगा आणि सर्चलाइट. साखळी-कुलूप चोरांसाठी आहे असे लोकांना वाटते. खरे कारण असे की, बाजूला ठेवलेली ट्रॉली पोरांनी किंवा दारुड्याने परत रुळावर चढवू नये.

फटाक्यांवर उत्पादनाचे साल असते, ते बघून घ्या. आणि वेळापत्रक मागच्या आवृत्तीचे असेल तर नसलेले बरे, कारण त्याच्यावर माणूस भरवसा ठेवतो.

मुंबईत दर तीन-चार मिनिटांनी लोकल असते. ट्रॉली चालवतात तरी कधी?

ब्लॉकमध्ये, म्हणजे कामासाठी गाड्या बंद ठेवलेल्या वेळात. रविवारचा मेगाब्लॉक साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ असतो. रात्रीचा ब्लॉक शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत, जेमतेम तीनेक तासांचा. त्यातही ट्रॅफिक ब्लॉक वेगळा आणि पॉवर ब्लॉक वेगळा. पहिल्यात गाड्या बंद असतात पण वायर जिवंत असते. दुसऱ्यात वायरही बंद असते. ‘ब्लॉक मिळाला’ एवढ्यावर थांबू नका, कुठला मिळाला ते विचारा.

मुंबईची खरी अडचण जागेची आहे. जुन्या भागात शेजारच्या दोन लाईनींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे किमान अंतर ४.२६५ मीटर आहे. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद. म्हणजे शेजारून दोन लोकल जाताना मधे जेमतेम ६० सेंटिमीटर उरतात. तिथे माणूस अंग चोरून उभा राहील की नाही अशी स्थिती, ट्रॉली ठेवायचा प्रश्नच येत नाही. चार किंवा सहा लाईनींच्या पट्ट्यात मधल्या लाईनीवरची ट्रॉली उतरवायची म्हणजे दुसऱ्या चालू लाईनीवर ठेवायची. म्हणून मधल्या लाईनी ब्लॉकशिवाय धरू नयेत. कडेच्या लाईनीला निदान बाहेरची पट्टी मिळते. तीही अनेक ठिकाणी भिंत, नाला, केबलची नळी किंवा झोपडी यांनी खाल्लेली असते. सकाळी जागा आहे म्हणून संध्याकाळी असेलच, असेही नाही.

पूल आणि बोगदे यांत यासाठी ठरावीक अंतराने ट्रॉली रेफ्यूज, म्हणजे ट्रॉली बाजूला घ्यायच्या जागा, असतात. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या वसई खाडीच्या पुलांवर किंवा १.३ किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यात शिरण्यापूर्वी पुढचा रेफ्यूज कुठे आहे हे प्रत्येकाला तोंडपाठ असले पाहिजे. शिरल्यावर शोधायचे नाही.

उतरवायची पद्धत काय?

आधी बाजू ठरवायची. कुठल्या बाजूला उतरणार हे निघतानाच सांगितलेले असावे, नाहीतर दोघे डावीकडे ओढतात आणि दोघे उजवीकडे. गाडी दिसली किंवा शिट्टी ऐकू आली की ब्रेक लावायचा, ट्रॉली पूर्ण थांबू द्यायची. बसलेले लोक आणि हातातली हत्यारे खाली. छत्री मिटायची. ती उघडी राहिली तर गाडीच्या वाऱ्याने ट्रॉलीसकट हलते. मोटर ट्रॉलीचे इंजिन बंद आणि पेट्रोलचा नळही बंद, कारण तिरकी झाली की पेट्रोल सांडते आणि सायलेन्सर तापलेला असतो.

मग चौघे चार कोपऱ्यांना. आधी एका बाजूची दोन चाके रुळावरून सोडवून ट्रॉली आडवी फिरवायची, मग दुसरी बाजू उचलून बाहेर घ्यायची. खडीच्या उतारावर खालच्या बाजूच्या दोघांवर जास्त भार येतो, म्हणून धडधाकट माणसे खाली. पाय स्लीपरवर किंवा सपाट खडीवर टेकवायचा, रुळाच्या माथ्यावर कधीच नाही. पावसात तो माथा साबणासारखा असतो. बाहेर ठेवल्यावर कुठलाही दांडा रुळाच्या दिशेने बाहेर आलेला नाही ना, हे पाहून साखळी लावायची. सगळ्यात शेवटी माणसे मोजायची. शेजारच्या लाईनीवर दुसरी गाडी येत असते आणि एक जण हमखास चपला किंवा हातोडा आणायला मागे वळलेला असतो.

ब्रेक लावल्यावर ट्रॉली किती अंतरात थांबते?

लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक साधे असतात, चाकावर दाबले की झाले. सोपा हिशोब करून पाहा. कोरड्या रुळावर पकड (घर्षणाचा गुणांक) ०.२ धरली, तर ताशी ३० किलोमीटरवरून ट्रॉली साधारण १८ मीटरमध्ये थांबते. ओल्या रुळावर पकड ०.०८ वर आली तर ४४ मीटर लागतात. त्यात माणसाच्या एका सेकंदाच्या दिरंगाईचे ८ मीटर मिळवा. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला वंगण लावलेले असते, ते माथ्यावर पसरले असेल तर यापेक्षाही वाईट. लाकूड भिजून फुगले की सुरुवातीला ब्रेक घासत राहतो आणि वाळल्यावर एकदम ढिला पडतो. म्हणून पावसाळ्यात ठोकळ्यांची फट रोज बघावी लागते.

घाटात ट्रॉली चालवणे वेगळे का मानतात?

कर्जत–लोणावळा आणि कसारा–इगतपुरी या दोन्ही घाटांचा चढ ३७ला १ आहे. मोठ्या गाड्यांनाही तिथे मागून बँकर इंजिने लागतात. घर्षण बाजूला ठेवले तर या उतारावर सुटलेली ट्रॉली मिनिटभरात ताशी ५७ किलोमीटरपर्यंत जाते. घर्षणाने यातला काही भाग खाल्ला तरी उरलेला वेग पळणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो. आधीच्या प्रश्नातले ओल्या रुळाचे ४४ मीटर उतारावर ६७ होतात.

म्हणून घाटात ट्रॉली उभी केली की ब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही. चाकाखाली पाचर, वर साखळी, आणि तरीही एक माणूस जवळ. उतरताना वेग वाढल्यावर ब्रेक दाबत बसण्यापेक्षा सुरुवातीपासून थोडा ब्रेक धरून ठेवावा. सतत घासून ठोकळा तापला, जळका वास आला, तर थांबून गार होऊ द्यावा. घाटातल्या पावसात तर डोंगराकडेही एक नजर हवी. दरड सिग्नल बघून पडत नाही.

मोटर ट्रॉलीचे इंजिन मधेच का बंद पडते?

बऱ्याच जुन्या ट्रॉल्या ढकलून स्टार्ट करायच्या असतात. चौघे ढकलतात, वेग आला की इंजिन जोडतात. उतारावर हे सोपे, चढावर घाम काढणारे. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. तेल जास्त झाले की प्लगवर काजळी धरते, धूर येतो, जोर जातो. कमी झाले तर पिस्टन जाम होतो. मिश्रण बाटलीत हलवून मगच टाकीत ओतावे. टाकीत ओतून ट्रॉली हलवली की मिसळते, ही समजूत खरी नाही.

याशिवाय पावसात मॅग्नेटोत (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्रात) ओल शिरते. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक चिखलाने बुजते आणि दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन गुदमरते. झाकण उघडले की पुन्हा चालते, आणि मग दोष कार्बुरेटरवर जातो. साखळीने चाक फिरत असेल तर ढिल्या साखळीचा आवाज आधी बदलतो, मग ती उतरते. जादा प्लग, साखळीची जोडकडी, तार आणि पक्कड बरोबर ठेवावीच. इंजिन बंद पडून पाच मिनिटांत चालू झाले नाही, तर दुरुस्तीचा नाद सोडून आधी ट्रॉली रुळाबाहेर काढावी. दुरुस्ती बाहेरही करता येते.

ट्रॉली रुळावरून घसरते ती कशाने?

हलकेपणाने. गाडीच्या चाकाखाली खडीचा तुकडा आला तर त्याची पूड होते, ट्रॉली त्यावर चढते. लेव्हल क्रॉसिंगवर चेकरेलच्या (रुळाला समांतर बसवलेल्या जादा रुळाच्या) फटीत माती आणि दगड ठासलेले असतात, तिथे फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) वर उचलला जातो. एक रूळ दुसऱ्याला ओलांडतो त्या क्रॉसिंगच्या नाकाजवळच्या फटीत छोट्या व्यासाचे चाक जास्त आपटते. पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, जीभ (सरकणारा रूळ) नीट बसलेली नसेल तर एक चाक इकडे आणि एक तिकडे. या तिन्ही जागी वेग चालण्याइतका करावा, ढकलणाऱ्यांनी उतरावे. वाकलेला आस आणि असमान झिजलेली चाके हेही कारण असते. ट्रॉली रिकामी असताना सरळ रुळावर एका बाजूला खेचत असेल, तर चाकांचे आतले अंतर दोन-तीन ठिकाणी मोजून बघा. आस वाकला असेल तर माप जागोजाग बदलते.

इतका खटाटोप करून साहेब ट्रॉलीवरून बघतात काय? चालत बघता येत नाही का?

चालत बघतातच. कीमन, म्हणजे रुळांची जोडणी तपासणारा माणूस, रोज आपली बीट (ठरलेला पट्टा) चालतो आणि ढिली क्लिप, सरकलेला लायनर (क्लिपखालचा तुकडा), तुटलेली फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) त्यालाच आधी दिसते. ट्रॉलीचा उपयोग असा की, एका दिवसात बराच सेक्शन नजरेखालून जातो, वाटेत हवे तिथे थांबता येते आणि बसणाऱ्याला रुळाचा झोल अंगाला जाणवतो.

ट्रॉलीच्या पेटीत गेज-कम-लेव्हल, सरळपट्टी, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), रुळाचे थर्मामीटर आणि २० मीटरचा दोरा असतो. वळण मोजताना दर १० मीटरला खूण करतात, २० मीटरचा दोरा रुळाच्या आतल्या कडेला ताणतात आणि मध्यावर दोरा ते रूळ हे अंतर घेतात. त्याला व्हर्साइन म्हणतात. त्रिज्या मीटरमध्ये घेऊन ५०,००० ला तिने भागले की व्हर्साइन मिलीमीटरमध्ये मिळतो. ७०० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो सुमारे ७१ मिलीमीटर यायला हवा. सलग आकडे ७०, ७३, ७१ आले तर वळण ठीक. ७०, ९१, ५२ आले तर लोकलमधल्या उभ्या माणसांना तिथे धक्का बसतो. मोठा धक्का एकट्या आकड्याने बसत नाही, शेजारच्या दोन आकड्यांतल्या फरकाने बसतो. दोरा वाऱ्याने हलत असेल तर माप घेऊ नका, आणि टोके धरणाऱ्यांनी दोरा रुळाच्या माथ्यापासून एकाच खोलीवर धरला आहे ना ते बघा.

थर्मामीटर उन्हाळ्यासाठी. लांब वेल्डेड रुळाचे तापमान डीस्ट्रेसिंगच्या (ताण काढून रूळ पक्का केला तेव्हाच्या) तापमानापेक्षा २० अंशांनी वाढले की हॉट वेदर पेट्रोलिंग, म्हणजे उन्हाळी गस्त, सुरू होते. हवेचे तापमान बघून हा निर्णय घेता येत नाही, उन्हातला रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो.

जुने लोक मीटर नसताना वेग कसा सांगायचे?

सांध्यांचे ठोके मोजून. १३ मीटरचे सुटे रूळ असताना ४७ सेकंदांत जितके ठोके, तितका ताशी किलोमीटरमध्ये वेग. लांब वेल्डेड रुळांवर ठोकेच नाहीत, तिथे किलोमीटरच्या दोन खांबांमधले सेकंद मोजून त्यांनी ३,६०० ला भागायचे.

वायर २५,००० व्होल्टची आहे. ट्रॉलीला धोका किती?

खाली बसून चालवताना नाही, उंच काही उभे केले की आहे. जिवंत वायरपासून २ मीटरच्या आत कुठलेही अंग किंवा हत्यार जाता कामा नये. लांब लोखंडी दांडा, ओली बांबूची काठी, पोलादी मापनफीत या तिन्ही गोष्टी बंद. रूळ तुटलेला दिसला तर त्याची दोन्ही टोके एकाच वेळी हाताने धरू नयेत. गाड्यांचा परतीचा प्रवाह रुळातूनच जातो आणि तुटलेल्या जागी तो तुमच्या अंगातून वाट काढू शकतो. आधी जोडतार, मग काम.

रूळ तपासायची अल्ट्रासोनिक ट्रॉली हीच का?

नाही. ती हाताने ढकलायची, पाण्याची टाकी आणि प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा भाग) असलेली ढकलगाडी. एका रुळासाठीची वेगळी आणि दोन्ही रुळांची वेगळी. प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये पाण्याचा थर हवा. पाणी संपले की पडद्यावर दोष दिसत नाहीत आणि नवख्याला वाटते रूळ चांगला आहे. रुळावर ग्रीस किंवा गंज असेल तरी तसेच.

परदेशातली ‘स्पीडर’ आणि आपली मोटर ट्रॉली एकच का?

चुलत नाते आहे. अमेरिकेत फेअरमाँट कंपनीच्या, इंग्लंडमध्ये वेअर गावच्या विकहॅम कंपनीच्या ट्रॉल्या गाजल्या. फेअरमाँटच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांची गंमत अशी की, ठिणगीची वेळ बदलून इंजिनच उलटे फिरवता यायचे, वेगळ्या रिव्हर्स गिअरची गरज नसायची. तिकडे हौशी मंडळी निवृत्त स्पीडर विकत घेऊन परवानगीने बंद मार्गांवर फिरवतात. आपल्याकडे भंगार साहित्य रेल्वेच्या ई-लिलावात निघते, पण विकत घेतलेली ट्रॉली रेल्वेच्या रुळावर ठेवायचा हक्क त्यात मिळत नाही. चालवणाऱ्याला सक्षमतेचे प्रमाणपत्र आणि दृष्टीची तपासणी लागते. रुळांवर विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘फक्त फोटो काढतो’ म्हणणाऱ्यालाही हेच कलम आहे.

आमचे आजोबा ट्रॉलीमन होते. त्यांच्या आठवणी नोंदवायच्या आहेत. काय विचारावे?

‘नोकरी कशी होती’ असे विचाराल तर ‘चांगली होती’ एवढेच मिळेल. हातांचे प्रश्न विचारा. तुम्ही कुठल्या कोपऱ्याला उचलायचा? ढकलताना पायात काय असायचे, रुळावरून पळायचा की स्लीपरवरून? साहेब बसले की डबा कुठे ठेवायचा? फटाक्यांची पेटी कुणाकडे? पावसात झेंडी भिजून काठीला चिकटली तर काय करायचे? गँग हटमध्ये (रुळांवरच्या कामगारांच्या खोपीत) चूल कुणी पेटवायची? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणूस खुर्चीत बसूनच हात हलवायला लागतो आणि मग पुढचे आपोआप येते. एखादी जुनी झेंडी, हातदिवा किंवा कीमनचा हातोडा समोर असेल तर फारच चांगले.

आजीलाही विचारा. रात्री ब्लॉकला बोलवायला माणूस यायचा तेव्हा घरात काय व्हायचे, हे तिलाच ठाऊक असते.

साल आठवत नाही असे म्हणतात. काळ कसा ठरवायचा?

शब्द आणि घटना यांच्या आधाराने. ‘जीआयपी’ किंवा ‘बीबी सीआय’ (मध्य आणि पश्चिम रेल्वेची जुनी नावे) म्हणत असतील तर गोष्ट ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीची, किंवा वडिलांकडून ऐकलेली. पगार आण्यांत सांगितला तर १ एप्रिल १९५७च्या आधीचा असण्याचा संभव, तरी आण्याची सवय पुढे बरीच वर्षे टिकली होती. मे १९७४चा संप सगळ्यांना आठवतो, त्याच्या आधी की नंतर हे विचारा. वायर १,५०० व्होल्ट डीसी होती की २५,००० व्होल्ट एसी, यावरून अलीकडचा काळ ठरतो. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर बदल २०१२ला पुरा झाला, हार्बरवर २०१६ला. २६ जुलै २००५ तर विचारायचीही गरज पडत नाही.

‘व्हीटी’ या शब्दावरून काळ ठरवू नका. नाव १९९६ला बदलले, तरी जुनी माणसे आजही व्हीटीच म्हणतात. पदांची नावे मात्र कामाची. गँगमन पुढे ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर. पीडब्लूआय साहेबांचे (रुळांच्या देखभालीच्या निरीक्षकांचे) सेक्शन इंजिनियर झाले. मूळ शब्द तसाच लिहून घ्या, आजचे पद कंसात घालायचा मोह टाळा.

सांगितलेले खरे की वाढवून सांगितलेले, हे कसे ओळखायचे?

हिशोबाने बरेच कळते. ‘आमची ट्रॉली शंभरने पळायची’ असे कुणी म्हटले तर सांधे किती वाजायचे ते विचारा. शंभराला सेकंदाला दोनाहून जास्त ठोके पडतात, ते मोजता येत नाहीत. ‘दोघांनी उचलली’ हे एका बाजूपुरते खरे असू शकते. जागा सांगताना किलोमीटर आणि मास्ट (वायरचा खांब) नंबर आठवत असेल तर तो माणूस तिथे खरोखर होता असे समजायला हरकत नाही. ‘चौतीस बाय बाराला’ असा नंबर ऐकीव गोष्टीत सहसा येत नाही. अप आणि डाऊन विचारून घ्या. मुंबईकडे येणारी लाईन अप, मुंबईतून निघणारी डाऊन, हे मध्य आणि पश्चिम दोन्हीकडे सारखेच.

वाढवलेली गोष्टही नोंदवाच. फक्त ‘स्वतः पाहिले’ आणि ‘ऐकले’ हे दोन शब्द वहीच्या कडेला लिहीत चला.

अपघाताच्या आठवणी निघतात. त्या छापायच्या का?

गेलेल्या माणसाचे आणि ज्याच्यावर ठपका आला त्याचे नाव, गाव, बिल्ला नंबर काढून टाका. काय चुकले ते ठेवा. फटाके कुणी लावले नाहीत यापेक्षा का लावले नाहीत, हे जास्त उपयोगी. तिघेच होते, चौथा रजेवर होता, बाहेरची पट्टी चिखलाने भरली होती, ब्लॉक संपायला सहा मिनिटे राहिली होती. चौकशीत सांगितले त्याहून वेगळे आता सांगत असतील तर रेकॉर्डर बंद करून आधी विचारा, हे बाहेर द्यायचे का. नको म्हणाले तर नको. पेन्शनची धास्ती बऱ्याच जणांच्या मनात असते, ती हसण्यावारी नेऊ नका.

रेकॉर्डिंगची काही सूचना?

साधा फोन पुरतो. पंखा बंद करा, फोन टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलावर टेकलेल्या कपाचा आवाजही त्यात येतो. रेल्वे क्वार्टर्स लाईनीला लागून असतात. लोकल गेली की शेवटचे वाक्य पुन्हा सांगायला लावा, ऐकताना तेच नेमके बुडालेले असते. पाऊण तासाहून जास्त एका बैठकीत नको. सुरुवातीला तारीख, जागा, सांगणाऱ्याचे पद आणि सेक्शन मोठ्याने बोलून घ्या. फाईलला तेच नाव द्या आणि त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी प्रत काढा. जुने फोटो मागून घेऊन जाऊ नका, तिथेच खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून टिपा, आणि मागची बाजूही टिपा. फोटोतल्या ट्रॉलीवर कोण कुठे बसले आहे, ते फोटो हातात असतानाच डावीकडून उजवीकडे विचारून घ्या.